नंबर त्याचा कमी, ऑपरेशन माझं झालं

लेझरचं वेड खरं तर नवऱ्याचं. मी सोबतीला म्हणून गेले होते आणि ऑपरेशन झालं माझं, त्याचं झालंच नाही. आता दोन वर्षं होत आली तरी ओळखीतल्या कोणी "चष्मा काढायचाय गं, तू कुठे केलंस" असं विचारलं की मी पत्ता सांगायच्या आधी त्याची गोष्ट सांगते. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो म्हणून एकदा सगळं लिहूनच ठेवतेय.

मला चष्मा चौथीत लागला. साताऱ्यात शाळा, मागून दुसरा बाक, फळ्यावरचं काही दिसायचं नाही म्हणून मी शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे आणि बाईंना वाटायचं ही बोलत बसते. शेवटी आईला शाळेत बोलावलं आणि मग डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. पहिला चष्मा घालून बाहेर आले तेव्हा समोरच्या पिंपळाची पानं सुटी सुटी दिसली, तोपर्यंत झाड म्हणजे हिरवा ढीग असंच मला वाटायचं. मग दर वर्षी नंबर वाढत गेला, बारावीला उजवा सव्वापाच आणि डावा पावणेसहा, तिथे थांबला. नवऱ्याचा साडेचार. म्हणजे घरात रात्री उठलं की घड्याळ दोघांनाही दिसायचं नाही, आधी उशाशी चाचपडून चष्मा शोधायचा आणि मग वेळ बघायची.

तो ढोल पथकात वाजवतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत सात-आठ तास ढोल, घाम, आणि चष्मा नाकावरून घसरतोय, दोन्ही हात ढोलावर, वर सरकवणार कसा? दोरी बांधून झाली, कॉन्टॅक्ट लेन्स लावून झाल्या पण गुलाल आणि धुळीने त्याचे डोळे लाल व्हायचे. ट्रेकचं तर विचारूच नका, पावसाळ्यात राजगडावर धुकं आत की काचेवर तेच कळत नाही. म्हणून त्या वर्षी जूनमध्ये त्याने ठरवलं की आता लॅसिक, म्हणजे लेझरने नंबर काढायचं ऑपरेशन, करायचंच.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते जाहिरात बघून. नाव लिहीत नाही. तिथे कॉम्प्युटरवर नंबर काढला, पाच मिनिटं अक्षरं वाचून घेतली आणि डॉक्टरांच्या आधी काउन्सिलर मॅडम भेटल्या, पॅकेजचा कागद समोर ठेवला, या महिन्यात जोडप्याला सवलत आहे, टोकन भरून जा, बाकीच्या तपासण्या आदल्या दिवशी होतील. नवरा खिशात हात घालतच होता. मला मात्र ते "आदल्या दिवशी" खटकलं, कारण माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीची तपासणी दीड-दोन तास चालली होती आणि तिला आधी पंधरा दिवस लेन्स बंद ठेवायला सांगितलं होतं. लेन्सने बुबुळाचा आकार थोडा दबलेला असतो, तो मूळ जागी येऊ दिल्याशिवाय मापं खरी येत नाहीत. हे तिथे कोणी विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, आपण विचार करून येतो. त्यावरून घरी येईपर्यंत आमची वादावादी झाली, तेही सांगते.

मग मैत्रिणीच्या डॉक्टरांकडे गेलो, लेन्स बंद करून, दोन आठवड्यांनी.

तिथे तपासण्याच तपासण्या. चष्म्याचे जुने कागद मागितले, नंबर वर्षभर स्थिर आहे का बघायला. डोळ्यात कागदाची पट्टी अडकवून अश्रू किती येतात ते बघितलं. ड्रॉप टाकून बाहुली मोठी केली आणि मागचा पडदा तपासला. आणि मुख्य म्हणजे बुबुळाचा नकाशा काढला. एका मशीनसमोर हनुवटी टेकवून बसायचं, डोळा न मिटता एका बिंदूकडे बघायचं, दोन सेकंदात स्क्रीनवर रंगीत गोल उमटतो, सपाट भाग निळा-हिरवा आणि जास्त उभार असलेला भाग केशरी-लाल.

बुबुळ म्हणजे इथे कॉर्निया, डोळ्यावरची काचेसारखी पारदर्शक चकती. आपण बोलताना डोळ्याच्या सगळ्या काळ्या भागाला बुबुळ म्हणतो, त्यामुळे मला आधी वाटायचं लेझर त्या काळ्या भागावर मारतात, तसं नाहीये. डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढून सांगितलं. डोळ्याची एकूण ताकद साधारण 60 डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच माप), त्यातली 43 च्या आसपास एकट्या कॉर्नियाची. आमच्यासारख्यांचा डोळा मागे लांब वाढलेला असतो, त्यामुळे प्रकाश पडद्यावर न जुळता पडद्याच्या अलीकडेच जुळतो आणि लांबचं पुसट दिसतं. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे अडीच-तीन नंबर. आता डोळा काही आखूड करता येत नाही, मग पुढची काच मधोमध थोडी सपाट करायची, ताकद तेवढी कमी होते आणि प्रकाश पडद्यापर्यंत पोचतो.

सपाट करायची म्हणजे तिथला भाग काढून टाकायचा. किती काढायचा त्याचा हिशोब सरळ आहे, 6 मिलिमीटरच्या गोलात काम करायचं तर एका नंबरमागे साधारण 12 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, असला की थोडा जास्त. माझ्या डाव्या डोळ्याला मिळून 75 च्या आसपास जाणार होते, म्हणजे फार तर एका केसाच्या जाडीइतके. कॉर्निया 548 मायक्रॉनचा. वरचा फ्लॅप, म्हणजे जे झाकण उचलतात ते, 110 चं. 548 मधून 110 गेले, 75 गेले, खाली उरले 363. डॉक्टर म्हणाल्या, किमान 250 तरी राहिलेच पाहिजेत असं सगळीकडे मानतात, मी स्वतः 300 च्या खाली उतरत नाही, तुमचं चांगलं आहे. मला हे गणित इतकं आवडलं की तो कागद मी मागून घेतला.

मग नवऱ्याचे रिपोर्ट उघडले आणि त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

त्याचा नंबर माझ्यापेक्षा कमी. त्यामुळे आम्ही दोघंही धरूनच चाललो होतो की झालं तर त्याचं सोपं होणार. पण त्याचा कॉर्निया डाव्या डोळ्यात 491 चा होता, आणि जाडी तरी एक वेळ ठीक, नकाशात खालच्या बाजूला लाल डाग होता. वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग जुळत नव्हते. डॉक्टरांनी तपासणी परत करून घेतली, पुन्हा तेच. मग विचारलं, डोळे चोळता का हो? मी त्याच्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून मी बघतेय, सकाळी उठल्यावर, पथकातून आल्यावर, ॲलर्जीच्या दिवसांत तर मुठीने चोळतो. आणि चष्म्याचे जुने कागद लावून बघितले तर नंबर साडेचारच होता पण सिलिंडर तीन वर्षांत वाढत गेला होता आणि त्याचा अँगल दर वेळी वेगळा. दर वर्षी दुकानात नवीन काच बसवून दिली गेली, हे बदलतंय का असा प्रश्न कोणालाच पडला नाही, आम्हालाही नाही.

केराटोकोनस. पहिल्यांदा तो शब्द तिथे ऐकला. कॉर्निया हळूहळू पातळ होतो आणि आतल्या दाबाने शंकूसारखा पुढे यायला लागतो. त्याचं अगदी सुरुवातीचं होतं, चष्मा घातला की त्याला शेवटची ओळ वाचता येत होती, आणि म्हणूनच ते नकाशाशिवाय कळलं नसतं. असल्या डोळ्यावर लॅसिक केलं असतं तर आधीच कमकुवत असलेली भिंत आणखी तासली गेली असती. सुरुवातीला छान दिसलं असतं आणि मग कॉर्निया पुढे यायला लागायची भीती होती, ज्याला एक्टेशिया म्हणतात, आणि त्यानंतर चष्म्यानेही नीट दिसेल याची खात्री नाही.

तो विचारत राहिला. फ्लॅप नको तर वरचा थर खरवडून करतात ते पीआरके? फ्लॅप न उचलता बारीक चिरेतून करतात ते स्माईल? डॉक्टर म्हणाल्या, तेही दोन्ही कॉर्नियातूनच टिश्यू काढतात, नाही. मग आत लेन्स बसवतात ती? ती कॉर्नियाला हात न लावता बसते, पण आधी हा आकार स्थिर राहतो का ते कळू दे, सहा महिन्यांनी या आणि तोपर्यंत डोळे चोळायचे नाहीत. अजिबात नाहीत. पायऱ्या उतरताना तो एवढंच म्हणाला की आपण त्या दिवशी टोकन भरलं असतं. ते वाक्य माझ्या अजून पोटात गोळा आणतं.

मी माझंही करू नये असं मला वाटायला लागलं होतं. त्याचं स्वप्न, आणि करून घेणार मी? पण तोच मागे लागला, तुझा कागद चांगला आहे ना, मग तू कर. फक्त गणपती होऊ देत म्हणाला, घरात गुलालाचे कपडे येणार. म्हणून ऑक्टोबरमध्ये केलं.

ऑपरेशनचं थोडक्यात सांगते कारण ते खरंच थोडंसंच असतं. केस आदल्या दिवशी धुवून जायचं, काजळ-पावडर-सेंट काही नाही. बधिर करायचे ड्रॉप, पापण्या उघड्या ठेवायला क्लिप. आधी एका लेझरने फ्लॅप कापतात, ब्लेड नाही, त्या वेळी डोळ्यावर कडं दाबून बसवतात आणि दाबाने काही क्षण सगळं काळोखं होतं. ते मला आधी सांगितलेलं होतं तरी मी घट्ट मूठ आवळली. (हे लेझर अतिशय छोट्या, जोरदार झटक्यांनी कापतं; असे झटके तयार करायची पद्धत शोधणाऱ्या डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांना 2018 चं नोबेल मिळालं.) मग बेड सरकवून दुसऱ्या मशीनखाली, डॉक्टर झाकण उलटं करतात, समोरचा लुकलुकणारा ठिपका पसरून धुरकट होतो, आणि "बघत राहा, बघत राहा, छान" असं म्हणत असतानाच टकटक टकटक आवाज येतो आणि केस जळाल्यासारखा वास. एका डोळ्याला अर्धं मिनिटसुद्धा नाही. डोळा हलला तर मशीन त्याच्या मागे जातं आणि जास्त हलला तर थांबतं, त्यामुळे ती भीती ठेवू नका. मग पाण्याने धुऊन झाकण परत बसवलं, टाका वगैरे काही नाही.

त्रास नंतर होतो, चार-पाच तास. डोळ्यात कांदा आणि वाळू एकत्र गेल्यासारखं, पाणी वाहतंय, उजेड सहन होत नाही. मला प्लास्टिकच्या जाळ्या चिकटवून घरी पाठवलं आणि नवऱ्याने पडदे लावून ड्रॉपचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. मोबाईल बंद, टीव्ही बंद. मग तो बाजूला बसून मला वाचून दाखवायला लागला, हे लेझर डोळ्यापर्यंत आलं कसं ते. त्या दोन दिवसांत ऐकलेलं मला अजून सगळं आठवतंय.

जपानमध्ये त्सुतोमु सातो म्हणून डॉक्टर होते, त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या काळात कॉर्नियाला आतल्या बाजूने बारीक चिरा देऊन नंबर कमी केले. लोकांना दिसायला लागलं. पण कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो, तो कॉर्नियातलं पाणी बाहेर टाकून त्याला पारदर्शक ठेवतो आणि त्या पेशी परत तयार होत नाहीत, हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. बऱ्याच वर्षांनी त्यातल्या अनेकांचे डोळे सुजून पांढुरके झाले. मग कोलंबियात बोगोटाला होसे बर्राकेर, त्यांनी कॉर्नियाची चकती कापून, गोठवून, लेथवर घासून परत बसवायची पद्धत काढली, झाकण उचलून आत आकार द्यायची कल्पना त्यांचीच. मॉस्कोत फ्योदोरोव यांनी सत्तरच्या दशकात बाहेरून सायकलच्या आऱ्यांसारख्या चिरा द्यायला सुरुवात केली.

आणि लेझर आलं ते भलतीकडूनच. अमेरिकेत आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्सच्या लॅबमध्ये रंगस्वामी श्रीनिवासन, हे मद्रास विद्यापीठात शिकलेले, त्यांनी 1981 च्या नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्की पक्ष्याचं हाड-मांस लॅबमध्ये नेलं आणि 193 नॅनोमीटरच्या एक्सायमर लेझरखाली धरलं. कडा न करपता, आजूबाजूला काही न जाळता स्वच्छ खाच पडली. हे लेझर भाजत नाही, रेणूंची बंधनंच तोडतं, एका झटक्याला मायक्रॉनचा पाव भाग. वाचताना नवरा थांबून म्हणाला, अगं मद्रासचे. त्याला फार आनंद झाला होता. 1983 मध्ये न्यूयॉर्कचे डोळ्यांचे डॉक्टर स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर ते कॉर्नियावर करून दाखवलं, आणि बर्राकेर यांचं झाकण आणि हे लेझर एकत्र आणून त्याला लॅसिक हे नाव दिलं ते ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या पालिकारिस यांनी, साल 1990 च्या आगेमागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ्या काढल्या आणि मला पंख्याच्या पात्यावरची धूळ दिसली. उशीवर डोकं ठेवून, चष्म्याशिवाय. मी रडले, आणि रडू नकोस डोळे चोळशील म्हणून तो माझे हात धरून बसला.

चांगलं दिसायला लागलं तरी सगळं लगेच सरळ झालं नाही, हेही लिहायला हवं. आठवडाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, मानेखालून आंघोळ, केस पार्लरमध्ये मान मागे टाकून धुवून घेतले. रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं, पहिले दोन महिने मी सिंहगड रोडवर अंधारात स्कूटर चालवली नाही. आणि कोरडेपणा. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसाही कापल्या जातात, त्या परत वाढेपर्यंत डोळ्याला आपण कोरडे आहोत हेच समजत नाही, त्यामुळे एसीत चार वाजले की डोळे टोचायचे, ड्रॉप पाच महिने चालू होते. माझ्या मावशीने वेगळंच विचारलं, चाळिशी लागणार नाही ना आता? लागणार. उलट चष्मा असता तर चाळिशीनंतर तो काढून मी पेपर वाचू शकले असते, आता जवळचा चष्मा लागेल. हे मला डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. डोळा अजून लांबच आहे, त्यामुळे मागचा पडदा ताणून फाटायचा जो धोका होता तो तसाच आहे, वर्षाला एकदा बाहुली मोठी करून बघून यायचं, अचानक काळे ठिपके किंवा वीज चमकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी.

डिसेंबरमध्ये नवऱ्याची तपासणी. सहा महिने त्याने खरंच डोळे चोळले नव्हते, ॲलर्जीचे ड्रॉप नियमाने घातले होते. उजवा होता तिथेच होता. डावा वाढला होता, लाल डाग मोठा झाला होता.

मग त्याला सीथ्रीआर सांगितलं, क्रॉसलिंकिंग. वरचा नाजूक थर काढतात, रायबोफ्लेविन म्हणजे आपलं व्हिटॅमिन बी-टूच, त्याचे पिवळे ड्रॉप अर्धा तास घालत राहतात आणि मग अर्धा तास अतिनील प्रकाश, त्याने कॉर्नियातले कोलॅजनचे धागे एकमेकांना जास्त घट्ट बांधले जातात. नंबर जात नाही. वाढणारं थांबावं एवढ्यासाठी ते असतं. या वेळी वाचून दाखवायची पाळी माझी होती, त्याच्या डोळ्यात बँडेज लेन्स होती आणि पहिले तीन दिवस त्याला फार दुखलं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. वाचताना एक नाव परत परत आलं, थिओ सायलर, जर्मनीतले डॉक्टर. ऐंशीच्या दशकात डोळ्यावर एक्सायमर लेझर वापरायला ज्यांनी सुरुवात केली त्यांतले ते एक. लॅसिकनंतर कॉर्निया पुढे येतो असं 1998 मध्ये जगासमोर मांडणाऱ्यांत तेच, आणि कॉर्निया घट्ट करायची ही पद्धत ड्रेस्डेनला ज्यांनी तयार केली त्या गटातही तेच, रुग्णांवरचे पहिले निकाल 2003 मध्ये आले. म्हणजे ज्या हातांनी लेझर धरलं त्याच हातांनी त्यातली चूक दाखवली आणि मग त्यावर उपायही शोधला. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. नवरा डोळे मिटून ऐकत होता, म्हणाला परत वाच.

त्यानंतरचे त्याचे सगळे नकाशे आतापर्यंत स्थिर आले आहेत. चष्मा आहे, राहणार आहे. मागच्या विसर्जनाला त्याने पोहणारे लावतात तसल्या पट्ट्याचा नंबरवाला स्पोर्ट्स गॉगल बनवून घेतला, तो घसरत नाही आणि गुलालही आत जात नाही, सात तास वाजवून आला आणि डोळे पांढरे स्वच्छ होते.

मला फोन करणाऱ्या सगळ्यांना मी आता इतकंच म्हणते की नकाशा काढल्याशिवाय पैसे भरू नका, आणि तुमचा नकाशा तुमच्याकडे मागून ठेवा. माझा जुना नंबर आणि ऑपरेशनच्या आधीची मापं मी जपून ठेवलीत, म्हातारपणी मोतीबिंदूची लेन्स ठरवताना ती लागतात, आणि कॉर्निया पातळ झाल्याने डोळ्याचा दाबही मशीनवर खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, काचबिंदूची तपासणी करणाऱ्याला ते माहीत असावं लागतं. आमच्या दोघांचे कागद एकाच फाईलमध्ये आहेत, कपाटात साड्यांच्या खाली. पुढची तारीख जानेवारीतली आहे. ड्रॉप टाकल्यावर त्याला गाडी चालवता येत नाही, म्हणून मीही रजा टाकलीय.